महाविद्यालयीन माहितीचे शुद्धीकरण आणि डेटाबेसमधील भरणा : ‘पांडाज’ या पायथन लायब्ररीच्या संदर्भात एक विवेचन

सारांश

महाविद्यालयात प्रवेश, परीक्षा, शिष्यवृत्ती, ग्रंथालय व मूल्यांकन या निमित्ताने वर्षभर माहिती जमा होते. ही माहिती निरनिराळ्या फाइलींमध्ये, निरनिराळ्या हातांनी व निरनिराळ्या पद्धतीने लिहिली जाते. ती एकत्र करून डेटाबेसमध्ये भरण्यापूर्वी तिचे शुद्धीकरण आवश्यक असते. प्रस्तुत लेखात या कामासाठी जगभर वापरल्या जाणाऱ्या ‘पांडाज’ या मुक्त स्रोत लायब्ररीची ओळख करून दिली आहे. तिच्या कार्यपद्धतीचे, तिच्या मूळ गृहीतांमुळे उद्भवणाऱ्या चुकांचे आणि देवनागरी मजकुराच्या विशेष अडचणींचे विवेचन केले आहे. शुद्धीकरणाची प्रत्येक पायरी हा एक शैक्षणिक निर्णय असतो व तो केवळ संगणकावर सोपवता येत नाही, हे या लेखाचे मुख्य प्रतिपादन होय.

बीजशब्द : डेटा शुद्धीकरण, डेटाबेस, पायथन, पांडाज, युनिकोड, देवनागरी, विद्यार्थी नोंदी

१. प्रस्तावना

आजचे युग हे माहितीचे युग आहे, असे वारंवार म्हटले जाते. परंतु माहिती विपुल असणे आणि ती विश्वसनीय असणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. एकाच विद्यार्थिनीचे नाव प्रवेश अर्जात ‘सुनीता’, परीक्षा विभागाच्या यादीत ‘सुनिता’ आणि बँकेच्या यादीत रोमन लिपीत असते. मानवी डोळ्यांना ही एकच व्यक्ती आहे हे सहज कळते. संगणकाच्या दृष्टीने मात्र या तीन व्यक्ती असतात. याद्या जुळवताना तिची नोंद गळाली तर ती चूक कोणत्याही अहवालात दिसत नाही. ती दिसते शिष्यवृत्ती जमा न झालेल्या त्या विद्यार्थिनीला.

अशा चुका मोठ्या संस्थांनाही चुकलेल्या नाहीत. इंग्लंडमध्ये २०२० साली २५ सप्टेंबर ते २ ऑक्टोबर या काळातील कोरोनाबाधितांच्या १५,८४१ नोंदी दैनिक आकडेवारीतून सुटल्या. एक्सेलच्या जुन्या फाइल स्वरूपात ६५,५३६ पेक्षा अधिक ओळी मावत नाहीत, हे त्यामागील कारण म्हणून पुढे आले. रुग्णांना त्यांचे निष्कर्ष कळले होते. मात्र त्यांच्या संपर्कात आलेल्या व्यक्तींचा शोध लांबला. जनुकशास्त्रातही असाच अनुभव आला. ‘मार्च १’, ‘सेप्ट २’ अशा जनुक-संज्ञांचे एक्सेल आपोआप तारखांत रूपांतर करीत असे. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत, एक्सेलमधील जनुक-याद्या जोडलेल्या शोधनिबंधांपैकी सुमारे एक पंचमांश निबंधांत अशा चुका आढळल्या. अखेर २०२० साली या जनुकांची अधिकृत नावेच बदलण्यात आली. या दोन्ही उदाहरणांत माणसांनी जाणूनबुजून काहीही चुकीचे केले नव्हते. साधनाने काही गोष्टी गृहीत धरल्या आणि त्या तपासल्या गेल्या नाहीत, एवढेच घडले.

२. लेखाची उद्दिष्टे

१) पांडाज या लायब्ररीची पार्श्वभूमी व कार्यपद्धती स्पष्ट करणे.
२) शुद्धीकरणातील नेहमीच्या चुकांची कारणमीमांसा करणे.
३) देवनागरी माहितीच्या संदर्भातील विशेष अडचणी मांडणे.
४) डेटाबेसमध्ये माहिती सुरक्षितपणे भरण्याची रीत सुचविणे.

लेखासाठी वर्णनात्मक व विश्लेषणात्मक पद्धतीचा अवलंब केला आहे. लेखातील गुण व नावे ही केवळ स्पष्टीकरणासाठी घेतलेली काल्पनिक उदाहरणे आहेत.

३. लायब्ररी म्हणजे काय?

संगणकशास्त्रात लायब्ररी म्हणजे वारंवार लागणाऱ्या कामांसाठी आधीच लिहून, तपासून ठेवलेला आज्ञांचा संग्रह होय. फाइल वाचणे, स्तंभ वेगळे करणे, सरासरी काढणे यासाठी प्रत्येकाने पहिल्यापासून आज्ञावली लिहिण्याची गरज राहत नाही.

पांडाजची निर्मिती वेस मॅकिनी यांनी २००८ साली ‘एक्यूआर कॅपिटल मॅनेजमेंट’ या अमेरिकन गुंतवणूक संस्थेत काम करीत असताना सुरू केली. २००९ साली ती मुक्त स्रोत म्हणून सर्वांसाठी खुली झाली. तिचे नाव प्राण्यावरून नव्हे, तर ‘पॅनेल डेटा’ या अर्थमितीतील संज्ञेवरून आले आहे. तिची १.० ही आवृत्ती जानेवारी २०२० मध्ये आणि २.० ही आवृत्ती एप्रिल २०२३ मध्ये प्रसिद्ध झाली. ती विनामूल्य असल्याने महाविद्यालयाला परवाना शुल्क भरावे लागत नाही.

या लायब्ररीच्या केंद्रस्थानी ‘डेटाफ्रेम’ ही रचना आहे. डेटाफ्रेम म्हणजे ओळी व स्तंभ असलेला तक्ता. हजेरीपटाशी परिचित असलेल्या प्राध्यापकांना ही कल्पना नवीन वाटणार नाही. फरक इतकाच की, हजेरीपटावर खाडाखोड करताना मूळ नोंद पुसली जाते. येथे मात्र मूळ फाइलला हात न लावता प्रत्येक बदल आज्ञेच्या स्वरूपात लिहिला जातो. कोणता बदल, कोणत्या क्रमाने केला, हे त्यामुळे पुढच्या वर्षी, अन्य व्यक्तीलाही वाचता येते. एक्सेलमध्ये हाताने केलेल्या दुरुस्तीपेक्षा या पद्धतीचे श्रेष्ठत्व प्रामुख्याने येथे आहे.

४. शुद्ध तक्त्याची संकल्पना

शुद्धीकरण कोठे थांबवायचे हे कळण्यासाठी शुद्ध माहितीची व्याख्या हवी. एडगर कॉड यांनी १९७० साली आयबीएममध्ये असताना संबंधाधिष्ठित डेटाबेसची सैद्धांतिक मांडणी केली. पुढे हॅडली विकहॅम यांनी २०१४ साली ‘नीटस’ डेटाची कल्पना मांडताना त्याच विचाराला संख्याशास्त्रज्ञांच्या भाषेत आणले. त्यानुसार प्रत्येक चलाला एक स्तंभ, प्रत्येक निरीक्षणाला एक ओळ आणि प्रत्येक प्रकारच्या घटकाला एक स्वतंत्र तक्ता असावा.

महाविद्यालयातील गुणतक्ता सहसा असा नसतो. त्यात मराठी, इतिहास, अर्थशास्त्र असे विषय स्तंभशीर्षकांत असतात. मध्येच एकूण बेरजेची ओळ असते. वर्गाचे नाव वर एका जोडलेल्या चौकटीत असते. छापील सूचनाफलकासाठी ही मांडणी सोयीची आहे, डेटाबेससाठी नाही. पांडाजमधील ‘मेल्ट’ या आज्ञेने असा आडवा तक्ता उभा करता येतो व प्रत्येक ओळीत विद्यार्थी क्रमांक, विषय आणि गुण ही तीनच मूल्ये उरतात. बेरजेची ओळ मात्र आधी काढून टाकावी लागते. अन्यथा ‘एकूण’ नावाचा एक विद्यार्थी वर्गात दाखल होतो.

५. फाइल वाचतानाच होणाऱ्या चुका

बहुतेक चुका विश्लेषणात नव्हे, तर फाइल वाचण्याच्या पहिल्या पायरीवरच होतात.

अ) क्रमांकांचा प्रश्न : ‘००१२३’ हा हजेरी क्रमांक पांडाज मूळ पद्धतीने वाचताना १२३ करते. सोळा अंकी नोंदणी क्रमांकाची स्थिती अधिक गंभीर असते. एक्सेल संख्येचे पंधराच अर्थपूर्ण अंक जपते, त्यामुळे सोळावा अंक शून्य होतो व शेजारच्या विद्यार्थ्यांचे क्रमांक एकसारखे होऊ शकतात. एकदा गेलेला अंक कोणत्याही लायब्ररीला परत आणता येत नाही. म्हणून नोंदणी क्रमांक, खाते क्रमांक, पिनकोड व दूरध्वनी क्रमांक ही संख्या नसून ओळखचिन्हे आहेत, हे ध्यानात घेऊन ते आरंभापासून मजकूर म्हणूनच साठवावेत व वाचावेत. ज्याची बेरीज किंवा सरासरी काढण्यास अर्थ नाही ते संख्या नव्हे, हा साधा निकष येथे उपयोगी पडतो.

आ) तारखांचा प्रश्न : ‘०३/०४/२०२४’ ही तारीख भारतीय वाचक ३ एप्रिल अशी वाचतो. पांडाज मात्र विशेष सूचना नसल्यास ती ४ मार्च समजते. २.० पूर्वीच्या आवृत्त्यांत एकाच स्तंभातील काही तारखा महिना आधी धरून, तर १२ पेक्षा मोठा दिवस आला की दिवस आधी धरून वाचल्या जात. नव्या आवृत्तीत पहिल्या तारखेवरून संपूर्ण स्तंभाचा साचा ठरविला जातो. तरीही साचा स्वतः लिहून देणे हाच निर्धोक मार्ग होय. न समजलेल्या तारखा रिकाम्या करणारी सोयही उपलब्ध आहे. ती वापरल्यास आधी व नंतर किती जागा रिकाम्या होत्या हे मोजणे अनिवार्य आहे.

इ) रिक्त जागांचा प्रश्न : कोरी चौकट, ‘एनए’, ‘नल’ अशा रोमन लिपीतील अनेक खुणा पांडाज एकाच ‘अनुपलब्ध’ मूल्यात बदलते. परंतु गुणपत्रकातील कोरी जागा अनेक अर्थांची असू शकते. विद्यार्थी गैरहजर असेल, त्याने तो विषयच घेतला नसेल, किंवा गुण भरायचे राहून गेले असतील. हे तिन्ही अर्थ एकत्र झाले की पुन्हा वेगळे करता येत नाहीत.

येथेच शुद्धीकरणातील सर्वांत मोहक चूक घडते, ती म्हणजे रिकाम्या जागी शून्य भरण्याची. समजा, पाच विद्यार्थ्यांपैकी चौघांना ६०, ५५, ७० व ६५ गुण आहेत आणि एक गैरहजर आहे. उपस्थितांची सरासरी ६२.५ येते, गैरहजर विद्यार्थ्याला शून्य धरल्यास ती ५० वर येते. कोणती सरासरी योग्य, हा गणिताचा प्रश्न नसून धोरणाचा आहे. शून्य म्हणजे ‘परीक्षा दिली आणि काही आले नाही’. रिक्त म्हणजे ‘ठाऊक नाही’. या दोहोंत फरक न करणारा अहवाल विद्यार्थ्यावर अन्याय करतो.

६. देवनागरी मजकुराच्या विशेष अडचणी

इंग्रजी पुस्तकांत न आढळणाऱ्या काही अडचणी मराठी माहितीच्या बाबतीत उद्भवतात. अनेक कार्यालयांतील जुन्या याद्या युनिकोडपूर्व फाँटमध्ये टंकलिखित आहेत. त्या फाइलींत प्रत्यक्षात रोमन अक्षरांचे व चिन्हांचे संकेतच साठवलेले असतात. फाँट काढून घेतला की अर्थहीन अक्षरे उरतात. अशा याद्यांचे युनिकोडमध्ये रूपांतर केल्याशिवाय पुढील कोणतीही पायरी निरर्थक आहे.

युनिकोडमध्येही एकच शब्द एकापेक्षा अधिक प्रकारे साठवता येतो. ‘कऱ्हाड’ हे गावाचे नाव त्याचे उत्तम उदाहरण आहे. एका प्रकारात ‘ऱ’ हे स्वतंत्र चिन्ह आणि हलन्त असते. दुसऱ्या प्रकारात साधा ‘र’, हलन्त आणि डोळ्यांना न दिसणारा शून्य रुंदीचा जोडक असतो. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात, परंतु संगणक त्यांना भिन्न गावे मानतो. युनिकोडची ‘एनएफसी’ ही प्रमाणीकरण पद्धती पांडाजमध्ये उपलब्ध आहे. ती ‘र’ व नुक्ता यांचा ‘ऱ’ करते. परंतु अदृश्य जोडक असलेले रूप ती बदलत नाही. बरे, सर्व अदृश्य जोडक सरसकट काढून टाकले, तर ‘कऱ्हाड’ चे ‘कर्हाड’ होते, म्हणजे नेमका रफार चुकतो. म्हणून त्या विशिष्ट क्रमाच्या जागी ‘ऱ’ आणि हलन्त बसविणारा स्वतंत्र नियम लिहावा लागतो. मराठीचे लेखन जाणणाऱ्या व्यक्तीलाच तो सुचू शकतो.

‘ॲ’ या अक्षराबाबतही तेच. या अक्षराला युनिकोडच्या २००८ सालच्या ५.१ आवृत्तीत स्वतंत्र स्थान मिळाले. त्यापूर्वीची व अनेकदा त्यानंतरचीही टंकलेखने ‘अ’ ला चंद्र जोडून केलेली आहेत. ही दोन रूपेही एनएफसीने एक होत नाहीत.

देवनागरी अंकांची गंमत निराळी आहे. पायथनमधील पूर्णांकाचे फंक्शन ‘१२३’ हे देवनागरी अंक बरोबर ओळखते. परंतु पांडाज फाइल वाचताना असा स्तंभ मजकूर म्हणूनच ठेवते. रूपांतर न करता बेरीज केल्यास ‘४५’ आणि ‘५०’ यांचे ९५ न होता ‘४५५०’ असा जोडशब्द तयार होतो. सुदैवाने ही चूक इतकी ठळक असते की ती लगेच लक्षात येते. खरे भय न दिसणाऱ्या चुकांचे असते.

७. याद्यांची जुळणी

दोन याद्या जुळवण्यासाठी ‘मर्ज’ ही आज्ञा वापरतात. जुळणी नावावरून न करता नोंदणी क्रमांकावरून करावी, हे सर्वमान्य आहे. एकाच वर्गात, एकाच गावच्या, एकाच नावाच्या दोन विद्यार्थिनी असणे महाराष्ट्रात मुळीच दुर्मीळ नाही. ‘दुबार’ समजून त्यांतील एक ओळ काढून टाकणे म्हणजे एका विद्यार्थिनीला पटावरून काढणे होय.

क्रमांकावरून जुळणी करतानाही एक सूक्ष्म धोका आहे. डेटाबेसच्या एसक्यूएल भाषेत नेहमीच्या जुळणीत दोन रिक्त मूल्ये परस्परांशी जुळत नाहीत; अज्ञात हे अज्ञाताच्या बरोबरीचे मानले जात नाही. पांडाज मात्र रिक्त क्रमांक रिक्त क्रमांकाशी जुळवते. प्रवेशाच्या यादीत एका विद्यार्थ्याचा क्रमांक राहिला असेल आणि बँकेच्या यादीत दुसऱ्याच विद्यार्थ्याचा क्रमांक राहिला असेल, तर पहिल्याच्या नावापुढे दुसऱ्याचा खाते क्रमांक येऊन बसतो. कोणतीही सूचना मिळत नाही. यास्तव जुळणीपूर्वी रिक्त क्रमांकाच्या ओळी बाजूला काढून, त्यांची वेगळी यादी करून, त्या कार्यालयाकडे तपासणीस द्याव्यात.

या आज्ञेतील दोन सोयी आवर्जून वापराव्यात. ‘व्हॅलिडेट’ या सूचनेने दोन्ही बाजूंना एकास एक संबंध आहे की नाही हे तपासले जाते व नसल्यास काम थांबते. ‘इंडिकेटर’ या सूचनेने प्रत्येक ओळ डाव्या यादीत, उजव्या यादीत की दोन्हींत होती, हे सांगणारा स्तंभ मिळतो. न जुळलेल्या ओळींची ही यादी अनेकदा जुळलेल्या यादीपेक्षा अधिक मोलाची ठरते.

८. डेटाबेसमध्ये भरणा

शुद्ध झालेला तक्ता ‘टू एसक्यूएल’ या आज्ञेने डेटाबेसमध्ये भरला जातो. त्यासाठी पांडाज बहुतांशी ‘एसक्यूएलअल्केमी’ या दुसऱ्या लायब्ररीची मदत घेते. तिच्याद्वारे पोस्टग्रेएसक्यूएल, मायएसक्यूएल, एसक्यूलाइट अशा भिन्न डेटाबेसशी संपर्क साधता येतो. तक्ता आधीच अस्तित्वात असल्यास काय करावे, याचे तीन प्रमुख पर्याय मिळतात : थांबणे, भर घालणे आणि बदलणे. यांपैकी ‘बदलणे’ हा पर्याय जुना तक्ता पूर्णपणे काढून टाकतो, हे विसरता कामा नये. घाईत निवडलेल्या या एका शब्दाने मागील वर्षांच्या नोंदी नाहीशा होऊ शकतात.

दुसरी मर्यादा अशी की, ही आज्ञा स्वतः तक्ता तयार करते तेव्हा ती प्राथमिक कळ ठरवीत नाही. परिणामी एकच फाइल चुकून दोनदा भरल्यास प्रत्येक विद्यार्थी दोनदा नोंदविला जातो. म्हणून तक्त्याची रचना आधी डेटाबेसमध्येच करावी. नोंदणी क्रमांक अद्वितीय असावा, गुण शून्य ते शंभरच्या दरम्यान असावेत, विषयाचा संकेत विषयांच्या तक्त्यात असावा, अशी बंधने तेथे घालावीत व पांडाजने केवळ भर घालावी. शुद्धीकरणातून निसटलेली चूक मग दारातच अडते. एसक्यूलाइट वापरणाऱ्यांनी दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. त्यात तक्त्यांमधील परस्परसंबंधाची तपासणी सामान्यतः बंद असते, ती प्रत्येक जोडणीत सुरू करावी लागते. तसेच संख्येच्या स्तंभात मजकूर स्वीकारला जातो. तो नाकारणारे ‘स्ट्रिक्ट’ तक्ते २०२१ सालापासून उपलब्ध आहेत.

भरणा नेहमी एका ‘व्यवहारा’त करावा. बँकेत एका खात्यातून रक्कम वजा झाली आणि दुसऱ्यात जमा झाली नाही, तर पहिली नोंदही रद्द व्हावी लागते. तसेच पाचशेपैकी तीनशेव्या ओळीवर चूक आढळल्यास आधीच्या ओळीही मागे घेतल्या जाव्यात. अर्धवट भरलेला तक्ता हा रिकाम्या तक्त्यापेक्षा घातक असतो, कारण तो पूर्ण असल्यासारखा दिसतो.

९. निष्कर्ष

१) शुद्धीकरणातील ठळक चुका कमी धोकादायक असतात, मूक चुका अधिक धोकादायक असतात.
२) पांडाजची मूळ गृहीते महाविद्यालयीन माहितीला सर्वत्र लागू पडत नाहीत. क्रमांक, तारखा व रिक्त जागा यांबाबत स्पष्ट सूचना देणे आवश्यक आहे.
३) देवनागरी मजकुराचे प्रमाणीकरण सर्वसाधारण नियमांनी पूर्ण होत नाही, त्यास भाषेच्या जाणकाराची साथ लागते.
४) लायब्ररी आणि डेटाबेस या दोहोंनी परस्परांची तपासणी केल्यासच भरणा विश्वसनीय होतो.

१०. सूचना

१) मूळ फाइलची प्रत न बदलता जतन करावी.
२) प्रत्येक पायरीनंतर ओळींची संख्या नोंदवावी. आरंभीच्या ओळी वजा वगळलेल्या ओळी म्हणजे भरलेल्या ओळी, हा ताळा जुळलाच पाहिजे.
३) वगळलेल्या प्रत्येक ओळीचे कारण वेगळ्या तक्त्यात लिहावे.
४) नावांतील फरक आपोआप एक न करता संबंधित विद्यार्थ्याकडून वा अभिलेखावरून खात्री करून घ्यावी.
५) संगणक विभाग, भाषा विभाग व कार्यालय यांनी मिळून शुद्धीकरणाचे नियम ठरवावेत आणि ते लेखी ठेवावेत.

११. समारोप

२०२३ सालच्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात, ज्या माहितीच्या आधारे व्यक्तीविषयी निर्णय घेतला जाणार आहे ती पूर्ण, अचूक व सुसंगत असावी, अशी अपेक्षा नोंदविली आहे. कायद्याचे हे बंधन नसते तरी शिक्षकाचे बंधन राहिलेच असते. हजेरी घेताना एखादे नाव वाचायचे राहिले तर तो विद्यार्थी उभा राहून सांगू शकतो. तक्त्यातून गळालेल्या नोंदीला तो आवाज नसतो. पांडाजसारखी साधने हजारो ओळी क्षणात हाताळतात. परंतु कोणती ओळ कोणाची आहे आणि ती वगळण्याचा अधिकार कोणाला आहे, हा प्रश्न त्या ओळीतील विद्यार्थ्याला ओळखणाऱ्यांनीच सोडवावयाचा आहे.